धूप निरंक, खिळे बेपत्ता

उघड्या कोळसा खाणीतून उपसलेल्या माती-मुरमाचे डोंगर, ज्यांना खाणीच्या बोलीत 'ओबी डंप' म्हणतात, ते वर सुपीक मातीचा थर पसरून आणि रोपे लावून एकदा 'पुनर्स्थापित' म्हणून जाहीर झाले, की त्यांच्या अंगावरची माती पावसाबरोबर किती जाते हे मोजावे लागते. या मोजणीच्या साधनांत सर्वांत स्वस्त, सर्वांत साधे आणि म्हणूनच सर्वांत गैरसोयीचे साधन म्हणजे लोखंडी खिळा होय. सुमारे अर्धा मीटर लांबीची सळई उतारावर ठोकायची, तिचे डोके जमिनीच्या वर किती राहिले ते नोंदवहीत लिहायचे आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचे. डोके जितके अधिक उघडे पडले तितकी माती गेली, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. एका हेक्टरवरून केवळ एक मिलिमीटर माती गेली तरी ती १० घनमीटर भरते, त्यामुळे या खिळ्यापाशी मिलिमीटरलाही फार मोठा मान असतो.

उताराच्या वरच्या अंगाला ठोकलेला खिळा पावसाळ्यानंतर जागेवर सापडलाच नाही, तर सरळ बुद्धीच्या माणसाला त्यातून एवढेच दिसते, की खिळा जितका जमिनीत होता किमान तितकी माती तेथून निघून गेली आहे. या हिशेबाने हरवलेला खिळा ही संपूर्ण तक्त्यातील सर्वांत मोठी नोंद ठरते. अहवाललेखनाच्या शास्त्राने मात्र याहून प्रगत मार्ग शोधून काढला असून, त्यानुसार अशा खिळ्यापुढे धुपेचा रकाना मोकळा सोडला जातो, शेऱ्याच्या रकान्यात 'खिळा उपलब्ध नाही, चोरीस गेल्याची शक्यता' असे लिहिले जाते आणि सरासरी उरलेल्या खिळ्यांवरून काढली जाते. जे वाहून गेले त्यांना मताधिकार नाही. जे टिकले ते एकमताने सांगतात की काहीही वाहून गेलेले नाही.

या चोराचा पद्धतशीर अभ्यास अद्याप कोणी केलेला नाही, ही खेदाची बाब आहे. शेऱ्यांच्या रकान्यांवरून त्याचे जे चित्र उभे राहते त्यानुसार तो जून ते सप्टेंबर एवढाच काळ कार्यरत असतो, मुसळधार रात्री त्याचा उत्साह विशेष वाढतो, आणि त्याच्या आगमनाचा अंदाज वर्तमानपत्रे दरवर्षी आधीच छापत असूनही त्याला आजवर कोणी अडवू शकलेले नाही. खाणीच्या आवारात डिझेल असते, तांब्याची केबल असते, यंत्रांचे सुटे भाग असतात. त्या सर्वांकडे पाठ फिरवून तो नेमका तीव्र उतारावर चढतो आणि दहा मिलिमीटर जाडीची, जेमतेम ३०० ग्रॅम वजनाची सळई उपटतो. सपाट टप्प्यांवरच्या, गवत धरलेल्या जागेतल्या खिळ्यांना तो हात लावत नाही. जेथे रोपे मेली आहेत तेथलेच खिळे त्याला हवे असतात. खिळा नेताना तो भोवतालची मातीही नेतो, रोप नेतो, रोपाच्या कुंपणाची जाळी नेतो आणि क्वचित 'हरित पट्टा' असे लिहिलेला फलकही नेतो. त्याच्या पावलांच्या ठशांना मृदाशास्त्रात ओघळ म्हणतात, आणि ते ठसे खोल गेले की त्यांना घळी म्हणतात. इतका पुरावा हाती असताना 'अज्ञात इसमाविरुद्ध' असे लिहिणे हा तपासकामाचा अपमान आहे.

जे खिळे वाचतात त्यांच्याही हातून सत्य सहजी सांगितले जात नाही. वर्धा खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या, फुगलेल्या मातीत खिळ्याचे डोके बुडते आणि तक्त्यात धूप उणे येते, म्हणजे भर पावसात डोंगराने उलट माती कमावली असे सिद्ध होते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीच्या अटींचा अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबर या दोन तारखांना द्यावयाचा असतो. पहिल्या तारखेला विदर्भात पाऊस आलेला नसतो, आणि दुसरीपर्यंत रिकाम्या जागी नवे खिळे ठोकून झालेले असतात. नवा खिळा मागचे काही जाणत नाही. त्याची धूप निरंक असते.

धूप ही वरच्या कातडीची गोष्ट झाली. उताराची स्थिरता हा त्याखालच्या देहाचा प्रश्न आहे. मातीला धरून ठेवणारे बळ भागिले तिला खाली ओढणारे बळ, या गुणोत्तराला सुरक्षा गुणांक म्हणतात, आणि तो एकाच्या खाली गेला की उतार घसरतो. घळींनी पायथा कुरतडला की धरणारे बळ घटते. माथ्यावर पडलेल्या भेगांतून पाणी आत मुरले की मातीच्या कणांमधला जलदाब वाढतो आणि ते आणखी घटते. माथ्यावरची भेग हा उताराने दिलेला पहिला इशारा असतो. तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून ती रुंदावते का हे पाहायचे असते. येथे तिच्यात टोपलीभर मुरूम ओतून 'भेग दुरुस्त केली' असे लिहिले जाते, आणि लिहिणाऱ्याचा हात थरथरत नाही. वेल्समधील ॲबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी झऱ्यांवर रचलेला खाणकचऱ्याचा ढिगारा कोसळला आणि १४४ माणसे मेली, त्यांपैकी ११६ मुले होती. त्या ढिगाऱ्याच्या धोक्याविषयीचा पत्रव्यवहार काही वर्षे आधीच होऊन गेलेला होता. फाइल व्यवस्थित होती.

ज्याचे मोजमाप करावयाचे त्याच्याच पैशाने मोजणारा नेमला जातो, ही या साऱ्या शास्त्राची खरी पायाभरणी आहे, आणि तिला कोणताही पाऊस धक्का लावत नाही. मोजणी डोंगराच्या पायथ्याशी करता येते: प्रत्येक मोठ्या पावसानंतर गाळटाकीत किती गाळ साचला ते नाल्याकाठच्या गावकऱ्यांसमक्ष मोजावे, हरवलेल्या खिळ्याची धूप त्याच्या गाडलेल्या पूर्ण लांबीइतकी धरावी, आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. यात अवघड काही नाही, आणि महाग तर नाहीच. अडचण एवढीच, की मग आकडे खरे निघतील. तूर्तास नाल्याकाठच्या शेतकऱ्याच्या कापसावर वीतभर गाळ साचतो आणि तो भरपाई मागायला गेला की त्याला अहवाल दाखवला जातो: डोंगरावरून माती गेलेलीच नाही, तेव्हा शेतातली माती कोठून आली हे अर्जदारानेच सिद्ध करावे. तो बिचारा पुरावा म्हणून गाळात सापडलेला गंजका खिळा घेऊन कचेरीत जातो. खिळा चोरीस गेल्याची नोंद त्या वेळी रीतसर दप्तरी असतेच. चोरीचा माल बाळगल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा दाखल करणे तेवढे राहिले आहे.