सही करा, पुढचं तुमचं तुम्ही बघा

श्रीगोंदा तालुक्यात विसापूरला सरकारचं खुलं कारागृह आहे. तिथे कैदी मोकळ्या रानात काम करतो आणि सरकार त्याच्यावर विश्वास ठेवतं. छानच की! पण हाच गडी चार दिवस घरी जातो म्हणाला, की सरकारचा विश्वास आटतो आणि त्याच्या मेव्हण्याचा सातबारा आठवतो.

१९५९च्या फर्लो-पॅरोल, म्हणजे कैद्याच्या रजेच्या, नियमांनी रीत घालून दिली: कैद्याला घरात घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा, आणि त्याने जामीनही राहायला हवं. मग गावात पोलीस चौकशीला येतात. आई म्हणते, ‘आणा माझ्या लेकराला.’ शेजारी म्हणतो, ‘नको साहेब, गावात तंटा होईल.’ अहवालात कुणाचं म्हणणं वर येतं, हे नगरकरांना काय सांगावं! रजा मिळालीच आणि पठ्ठ्या वेळेत परतला नाही, तर भुर्दंड मेव्हण्याला. रजेवरच्या गड्याला बाटलीपासून लांब कसं ठेवायचं, ज्याच्याशी वैर झालं त्या घरासमोरून कसं न्यायचं, हे मेव्हण्याला कुणी सांगत नाही. सरकारला सोयरा नको असतो, सोयऱ्याची सही हवी असते.

परिवीक्षेची, म्हणजे प्रोबेशनची, कथा आणखी न्यारी. १९५८चा कायदा म्हणतो, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा. मात्र आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला कायमचा पत्ता नाहीतर नेहमीचा कामधंदा हवा. आता कर्जत-श्रीगोंद्याकडच्या पारधी पालावर जाऊन पत्ता विचारा. पारध्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा १९५२ साली गेला. पालाला घरक्रमांक कधी लागणार?

घरच्यांना सोबत घेण्याची अक्कल आपल्याकडे नव्हती असंही नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैदी बायकापोरांसह राहतो, शेती करतो. त्यावरून शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. टाळ्या देशभर पडल्या, वसाहत आटपाडीतच राहिली.

रजेवर आलेल्याच्या घरच्यांना हक्काने दार ठोठावायला कचेरीच नाही. परिवीक्षेवर सुटलेल्यांची गोष्ट वेगळी. त्याच १९५८च्या कायद्याचं चौदावं कलम परिवीक्षा अधिकाऱ्याला सांगतं, की देखरेख कर आणि गरज असेल तिथे काम मिळवून द्यायचीही खटपट कर. तेव्हा मामा, काका, मेव्हणे, परिवीक्षेच्या जामीनपत्रावर सही करायला जाल तेव्हा या कलमाची झेरॉक्स खिशात ठेवा आणि साहेबांना तिथेच विचारा, ‘आमच्या पोराला काम कुठे बघताय?’