फुकटात विकून देणाऱ्या अ‍ॅपसाहेबांस

रा. रा. म्युच्युअल फंडवाले अ‍ॅपसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

प्रथम आपले अभिनंदन. आपण कमिशन घेत नाही आणि युनिट विकून दिल्याबद्दल दलालीही मागत नाही. एके काळी फंडात शंभर रुपये टाकले की सव्वादोन रुपये दारातच कापले जात. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने ते बंद केले. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आले आणि एजंटच्या वार्षिक कमिशनातूनही सुटका झाली. त्या सुटकेवरच आपले दुकान उभे आहे. फंड बघायला आलेल्या माणसाला आपण ऑप्शन ट्रेडिंग आणि झटपट कर्ज दाखवता, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पोट सगळ्यांनाच आहे.

आमचे म्हणणे विकण्याच्या पानाविषयी आहे. खरेदीच्या वेळी आपण किती बोलता! पाच वर्षांचा परतावा, तारांकित मानांकन, वीस वर्षांनी किती होतील याचा कॅल्क्युलेटर, वर हिरवेगार आलेख. विकायला गेलो की रक्कम टाका, ओटीपी टाका, ‘विनंती स्वीकारली’. इतके मितभाषी तर आमच्या घरचे जावईही नाहीत. आपल्या भाऊबंदांपैकी काही जण कराचा अंदाज देतात म्हणे, पण तोही कुठल्या तरी चिमुकल्या बाणामागे दडवलेला.

आता हिशेब करू. पेन्शनवर कर भरणाऱ्या एका गृहस्थांनी इक्विटी फंडात ६ लाख एकरकमी टाकले, काही वर्षांत त्याचे १० लाख झाले, आणि त्यांनी आपल्या बटणावर बोट ठेवून सगळे काढले. आपली फी शून्य. एसटीटी, म्हणजे विक्रीवरचा व्यवहार कर, १० रुपये. नफा ४ लाख. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा माफ, उरलेल्या पावणेतीन लाखांवर साडेबारा टक्के (हा दर २३ जुलै २०२४ पासूनचा), वर ४ टक्के सेस. एकूण ३५,७५० रुपये. याच गृहस्थांनी निम्मी युनिट मार्चअखेरीस आणि निम्मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकली असती, तर दोन आर्थिक वर्षांची माफी मिळून कर १९,५०० वर आला असता. सोळा हजारांहून अधिक रुपयांचा फरक! ‘आठवडाभर थांबता का?’ एवढे तीन शब्द आपल्या पडद्यावर मावले नाहीत.

एसआयपीवाल्यांची गंमत आणखी न्यारी. त्यांना वाटते, आपला फंड सात वर्षांचा झाला. कायद्याच्या लेखी प्रत्येक हप्त्याचे वय वेगळे. जुनी युनिट आधी विकली जातात, त्यामुळे थोडे पैसे काढले तर सहसा निभावते. सगळे काढले की शेवटच्या बारा महिन्यांतले हप्ते सापडतात. बहुतेक इक्विटी फंडांत त्यांच्यावर एक टक्क्याच्या आसपास एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचा दंड, आणि नफ्यावर वीस टक्के कर. करबचतीचा ईएलएसएस फंड असेल तर प्रत्येक हप्ता स्वतःची तीन वर्षे पुरी केल्याशिवाय हलतच नाही.

आणि ती आपली आवडती जाहिरात: ‘रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये या, लाखो वाचवा!’ सल्ला चुकीचा नाही. पण हे ‘येणे’ म्हणजे आयकर खात्याच्या दृष्टीने जुने विकणे आणि नवे घेणे. नफ्यावर कर लागतो, वर्षाचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जाहिरातीत लाखो ठळक दिसतात, विक्री हा शब्द मात्र भिंग लावूनही सापडत नाही.

यावरून आम्हाला जुना एजंट परत हवाय, असे समजू नका. करातले त्यालाही फारसे कळत नव्हते. पण २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला, तेव्हा ‘काका, आज कशाला काढताय?’ असे विचारणारा फोन त्याचाच होता. स्वतःचे कमिशन वाचवायला का होईना, त्याने विचारले. आपण त्या दिवशीही फक्त ओटीपी विचारलात.

मागणी एकच आहे. ओटीपीच्या आधी एक ओळ दाखवा: एक्झिट लोड इतका, अंदाजे कर इतका, हातात इतके. आकडे आपल्याकडे नाहीत असे सांगू नका. वर्ष संपल्यावर खरेदीच्या तारखांसकट भांडवली नफ्याचे पत्रक आपणच पाठवता. म्हणजे हिशेब आपल्याला येतो, फक्त पैसे काढून झाल्यावर आठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक युनिटधारक

ता. क. युनिट डीमॅटमध्ये नसतील तर ती फंड कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा एमएफ सेंट्रलवरूनही विकता येतात, आणि तिथेही फी लागत नाही. त्या दिवसाचा भाव हवा असेल तर दुपारी तीनच्या आत.