सांगलीचा रूट गेला कुठं? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

कालपर्यंत ज्यांना प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढता येत होता, आणि केवळ त्या गुणावर आज ज्यांच्याकडे संस्थेचं अख्खं नेटवर्क सोपवलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. बाकीच्यांनी वाचली तरी हरकत नाही.

समजा, एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय साताऱ्यात पोवई नाक्यापाशी आहे, एक शाखा कराडला आणि एक सांगलीत विश्रामबागेत. तिन्हीकडे एकेक लेयर थ्री स्विच. सातारा ते कराड आणि कराड ते सांगली अशा दोन भाड्याच्या लाइनी, त्यावर ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल. सोमवारी सकाळी साडेदहाला सांगलीहून फोन येतो, "साहेब, सर्व्हर दिसंना झालाय." तुम्ही साताऱ्याच्या स्विचवर 'शो आयपी रूट' देता. कराड आहे. सांगलीची ओळच नाही.

पायरी १. कुणालाही काहीही बंद-चालू करू देऊ नका.

ही पायरी बहुधा हुकलेलीच असते, कारण तुम्ही फोन उचलायच्या आधीच शाखेतल्या मामांनी रॅकचा मेन स्विच एकदा खाली-वर केलेला असतो. यात वाईट असं की याचा बऱ्याचदा उपयोग होतो. रूट परत येतो, मामांचं कौतुक होतं, चहा येतो. पण लॉग स्विचच्या मेमरीत असतो, तो पुसला गेला. काय बिघडलं होतं याचा एकुलता एक साक्षीदार गेला, आणि पुढच्या सोमवारी तुम्ही पुन्हा इथंच.

लॉग वाचला असेल तर पहिल्यांदा तारीख बघा. घड्याळ लावून न दिलेले सिस्कोचे बरेच स्विच चालू झाले की १ मार्च १९९३ पासून वेळ मोजायला लागतात. तारखेच्या आधी एक छोटी तारका असते. तिचा अर्थ, या वेळेची जबाबदारी माझ्यावर नाही. सरकारी दाखल्यांवरही अशी तारका असती तर बरं झालं असतं. असो. घड्याळ जुळवणारं एनटीपी लावून घ्या.

पायरी २. काय हरवलंय ते समजून घ्या.

हातानं लिहिलेला स्टॅटिक रूट म्हणजे एसटी स्टँडवरचा रंगवलेला फलक. गाडी बंद होऊन वर्ष झालं तरी तो वेळ दाखवतच राहतो. डायनॅमिक रूट म्हणजे चौकशीच्या खिडकीतला माणूस. त्याला कराडहून फोन आला तरच तो सांगलीचं सांगणार. फोन थांबला की तो गप्प. ओएसपीएफमध्ये शेजारी-शेजारी असलेले स्विच दर १० सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणतात. ४० सेकंद हॅलो आला नाही की शेजारी मेला असं धरतात आणि त्याच्यामार्फत कळलेले रूट काढून टाकतात. तेव्हा रूट हरवला म्हणजे टेबलातून कुणी चोरला असं नाही. कुठंतरी कुणीतरी बोलायचं थांबलंय.

कुठं, हा खरा प्रश्न. आणि नवशिका इथंच दिवस घालवतो. साताऱ्यात सांगली दिसत नाही म्हणून तो साताऱ्याच्याच स्विचला दुपारपर्यंत प्रश्न विचारत बसतो. अहो, सातारा आणि सांगली शेजारी नाहीतच. दोघांच्या मध्ये कराड आहे. कराडच्या स्विचवर जा.

पायरी ३. काय बदललं ते विचारा.

उत्तर येईल, "काय नाय बदललं." हे खोटं नसतं. पण या 'काय नाय'मध्ये काय काय मावतं ते माहीत हवं: रंगकामासाठी रॅक भिंतीपासून हलवला, सीसीटीव्हीवाल्याला एक मोकळं पोर्ट दिलं, वायर लांब पडत होती म्हणून शेजारच्या भोकात खोचली, आणि चेअरमनसाहेबांचा पुतण्या सुट्टीला आला होता, त्यानं जरा बघितलं. शेवटच्या नोंदीवर विशेष लक्ष द्यावं.

पायरी ४. साधी कारणं झटपट उरका.

'आयपी राउटिंग' ही एक ओळ नसली तर लेयर थ्री स्विच नुसता स्विच राहतो. तेव्हा 'शो आयपी रूट' दिलं की रूटच्या यादीऐवजी आयसीएमपी रीडायरेक्ट कॅश रिकामी असल्याचं शांतपणे कळवतो. नवशिक्याला वाटतं, रिकामी आहे म्हणजे घाण नाही, चांगलंच की.

फक्त रविवारी रूट जात असेल तर घाबरू नका. व्हीलॅनमधलं एकही पोर्ट चालू नसेल तर त्या व्हीलॅनचा इंटरफेस स्वतःहून झोपतो आणि त्याचा रूटही काढून घेतला जातो. शनिवारी संध्याकाळी काटकसरी मॅनेजरनं काउंटरच्या लाइटचं बटण बंद केलं, त्याच बोर्डावर सगळे कॉम्प्युटर होते, एवढंच. रॅक यूपीएसवर जागाच असतो.

महामार्गाच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली असेल तरी तुमच्या स्विचचा दिवा हिरवाच दिसू शकतो. मध्ये मीडिया कन्व्हर्टर असला की दिवा कन्व्हर्टरपर्यंतची खुशाली सांगतो, सांगलीची नाही.

पायरी ५. कराड आणि सांगली शेजारी का होत नाहीत?

'शो आयपी ओएसपीएफ नेबर' द्या. सांगली यादीतच नसेल तर दोन्हीकडचे हॅलोचे आकडे, सबनेट मास्क, पासवर्ड आणि एरिया जुळवा. यातलं एक जरी वेगळं असलं तर लाइन असूनही साधी ओळखही होत नाही. एरियाचा घोळ आपल्याकडे फार. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली सांगली, मिरज, जतसारखी संस्थानं मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे ज्यानं सेटिंग केलं त्यानं जिल्हा वेगळा म्हणून सांगलीला एरिया १ देऊन टाकला. कराडच्या टोकाला मात्र एरिया ०. एका लाइनची दोन टोकं दोन एरियांत राहू शकत नाहीत, महसूल खात्याची काहीही अडचण नसली तरी.

शेजारी यादीत आहे पण 'एक्स्टार्ट'वर अडकलाय, तर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, बघा. एकीकडे १५००, दुसरीकडे कमी, हे नेहमीचं.

आता खरा त्रासदायक प्रकार. शेजारी 'फुल' दाखवतोय, डेटाबेसमध्ये सांगलीचं नेटवर्क आहे, टेबलात मात्र ओएसपीएफची ओळ नाही. एका टोकाला नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट आणि दुसऱ्या टोकाला पॉइंट टू पॉइंट असला तर असं होतं. दोघं गोडीत बोलतात, पण नकाशात एकमेकांना जोडत नाहीत. हे तपासूनही काही निघालं नाही तर टेबल पुन्हा नीट वाचा. सांगलीची ओळ असेल, पण तिच्या सुरुवातीला 'ओ' ऐवजी 'एस' असेल. म्हणजे स्टॅटिक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कुणीतरी रातोरात दुसऱ्या लाइनवरून शाखा जगवली होती. धन्य तो माणूस. पण तात्पुरता घातलेला तो रूट तसाच राहिला. स्टॅटिकचं वजन १, ओएसपीएफचं ११०, आणि इथं कमी आकड्याला मान जास्त. पूर ओसरला, तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला, ती दुसरी लाइन बिल न भरल्यामुळे बंद झाली, पण तिचं पोर्ट चालू असेपर्यंत हा रूट ओएसपीएफला दारातच उभा ठेवतो.

पायरी ६. रूट येतो, जातो, येतो, जातो.

सांगलीचा जुना स्विच जळाला. नवा आला. घाई होती, म्हणून साताऱ्याच्या स्विचची बॅकअप फाइल त्यात ओतली, आयपी बदलले आणि काम संपलं. राउटर आयडी, म्हणजे ओएसपीएफमधलं स्विचचं नाव, राहिला साताऱ्याचाच. दोघं थेट शेजारी असते तर लगेच भांडले असते. पण मध्ये कराड, आणि कराड दोघांशीही 'फुल'. मग साताऱ्याला स्वतःच्या नावाचं एक पत्र मिळतं ज्यात सांगलीची नेटवर्कं आहेत. हे मी लिहिलेलं नाही म्हणत तो त्याहून ताज्या क्रमांकाचं पत्र काढतो. ते सांगलीला पोचतं. सांगलीही तेच करते. बिचारं कराड हातात येईल ते शेवटचं पत्र खरं मानून दर वेळी नकाशा नव्यानं आखतं.

सिस्कोच्या स्विचवर अशा वेळी लॉगमध्ये 'फ्लड वॉर' अशी नोंद येऊ शकते. ती सांगलीच्या मॅनेजरांना फोनवर वाचून दाखवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तर मुळीच नाही. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट ज्यांना तोंडपाठ आहे, ते लेजर बांधून पहिल्या मजल्यावर न्यायला लागतील.

सांगलीला वेगळा राउटर आयडी द्या. तो नुसता लिहून लागू होत नाही, ओएसपीएफची प्रोसेस नव्यानं सुरू करावी लागते, म्हणजे बंद-चालू करण्याची हौस इथं अधिकृतपणे भागते. 'क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस' दिलं की स्विच विचारतो, नक्की ना? कंसात 'नो' आधीच लिहिलेलं असतं. काउंटर चालू असेल तर तेच उत्तर द्या आणि संध्याकाळी पुन्हा या.

मग 'राइट मेमरी'. हे विसरलात तर पुढच्या वेळी वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली की जुना आयडी जसाच्या तसा उठून बसेल, आणि तेव्हा तुम्ही गणपतीला गावी गेलेले असाल.