श्रोता पाहिजे

निजामाच्या राज्यात चार माणसांनी जमून सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागत असे. १९२९ साली निघालेल्या ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने ती सक्ती केली होती. आता कोणाचीच परवानगी लागत नाही, आणि चार माणसे जमत नाहीत. म्हणजे जमतात, पण चारही कवी असतात.

निजाम सरकारचा संशय तसा रास्त होता. राजकारणाला दार बंद, म्हणून संस्थानातली वाचनालये, शाळा आणि गणपतीतले मेळे हीच चळवळीची जागा झाली होती. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशी मंडळी विवेकवर्धिनीसारखी शाळा १९०७ साली काढत होती, १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहत होते, आणि लोक पुस्तक बदलायला म्हणून जाऊन देश बदलायच्या गोष्टी बोलत होते. ती परंपरा आजच्या लेखकगटांनी इमानाने चालू ठेवली आहे. साहित्याच्या नावाखाली आजही राजकारणच चालते. फक्त त्याची मजल सहकार्यवाहपदापर्यंत असते.

हे मी कोणा एका गटाबद्दल लिहीत नाही. काचीगुड्यापासून गच्चीबावलीपर्यंत जिथे जिथे पाच मराठी कुटुंबे आणि एक मोठा हॉल असलेला फ्लॅट आहे, तिथे असा गट आहे किंवा व्हायच्या बेतात आहे. ज्याला हा आपलाच गट वाटेल त्याने खुशाल वाटून घ्यावे. पुढच्या बैठकीत माझ्या निषेधाचा ठराव येईलच, आणि तो मांडायला निदान एक सभासद वेळेवर येईल.

बैठक महिन्यातल्या एका रविवारी, आळीपाळीने एकेकाच्या घरी. वेळ चारची. चार म्हणजे पाच. हायटेक सिटीकडचे लोक अमीरपेठेत मेट्रो बदलताना हरवलेले असतात आणि जुन्या शहराकडचे दुपारच्या झोपेत. पावणेसहाला सरस्वतीच्या फोटोला हार घातला जातो. त्यानंतर मागच्या बैठकीचा वृत्तान्त. वृत्तान्त वाचणाऱ्याने त्यात स्वतःच्या कवितेला सात ओळी आणि बाकी सगळ्यांना मिळून ‘इतरांनीही सहभाग घेतला’ एवढे दिलेले असते. त्यावर अर्धा तास जातो. साहित्यावर झालेली तेवढीच चर्चा.

खाण्याचे मात्र गटाने मनावर घेतले आहे. कुकटपल्लीच्या घरी पेसरट्टू आणि त्यात भरलेला उपमा. बरकतपुऱ्यात गरम भजी. काचीगुड्यात मराठवाड्याची मुरमुऱ्यांची सुशीला. गेल्या वर्षी यजमानबाईंनी आतून ‘सुशीला तयार आहे’ म्हणून सांगितले, तर पुण्याहून नुकताच बदलून आलेला एक सभासद अदबीने उठून उभा राहिला आणि त्या आधी वाचणार की शेवटी, असे विचारू लागला. त्याला कोणी हसले नाही. वाचणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव वाढले की काय, या चिंतेत सगळे होते.

एक नियम मात्र अलिखित असूनही काटेकोर पाळला जातो. ज्याच्या घरी बैठक, त्याच्या कवितेवर खाणे होईपर्यंत टीका करायची नाही. खाल्ल्यावर तर करवतच नाही. हैदराबादच्या मराठी कवितेत समीक्षा का वाढली नाही, यावर कोणी पीएच.डी. करणार असेल तर त्याने उस्मानिया विद्यापीठात जाण्याआधी आमच्या स्वयंपाकघरात डोकवावे.

खरी लढाई होते ती वाचनाच्या क्रमावरून. पहिल्यांदा वाचावे तर लोक यायचे असतात. शेवटी वाचावे तर गेलेले असतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या जागेसाठी आठवडाभर आधी फोन सुरू होतात. आपली कविता झाली की कवीला हमखास एक महत्त्वाचा फोन येतो. तो फोन घ्यायला तो बाल्कनीत जातो, बाल्कनीतून जिन्यात आणि जिन्यातून घरी. दहावा कवी उभा राहतो तेव्हा समोर अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि खुर्च्या मोजायला आलेला मांडववाला. अध्यक्षाला शेवटी बोलायचे असल्यामुळे उठता येत नाही. अध्यक्षपद हा मान आहे असे बाहेरच्यांना वाटते. आतल्यांना ती कैद आहे हे ठाऊक असते.

या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९३१ साली अध्यक्ष होते श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. १९४७ साली, संस्थान भारतात सामील होण्याच्या आधी, न. र. फाटक. न्यायमूर्ती रानड्यांचे चरित्र लिहिणारा हा माणूस दस्तऐवज चाळल्याशिवाय वाक्य लिहीत नसे. तेव्हा तेवीस खंडांवर अध्यक्षपद मिळे, आता तेवीस कवितांवर मिळते, आणि त्यांतल्याही अकरा ‘आई’ या विषयावर असतात. आईबद्दल मला आदर आहे. तिने एवढे सोसले, आता हेही.

आमच्या गटात दोन पक्ष आहेत आणि त्यांना मी मनातल्या मनात मुलकी आणि गैरमुलकी म्हणतो. जुन्या लोकांना मुलकी म्हणजे काय ते सांगायला नको. निजामाच्या नोकरीत बाहेरच्यांची भरती होऊ नये म्हणून नियम होते: जन्म इथला हवा, नाहीतर पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. याच प्रश्नावर १९५२ साली शहरात मोठे आंदोलन झाले. साहित्यात अजून चालू आहे. मुलकी कवी म्हणजे ज्याचे आजोबा परभणीहून किंवा नांदेडहून निजामाच्या महसूल खात्यात आले, ज्याला उर्दू लिपी वाचता येते असे तो सांगतो, आणि जो बोलताना मधूनच ‘हौ’ म्हणतो. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. राजधानी इथेच राहिली आणि तिच्यासोबत हे लोकही राहिले. ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळल्या, शाळा चालवल्या, मराठी साहित्य परिषदेसारखी संस्था आणि ‘पंचधारा’सारखे त्रैमासिक टिकवले. पोटासाठी रोज तीन भाषा बोलून चौथ्या भाषेत लिहिणे ही साधी गोष्ट नाही. याबद्दल त्यांना खरोखर हात जोडावेत. जोडलेले हात ते लगेच धरतात आणि हातात कविता ठेवतात.

गैरमुलकी म्हणजे पुण्या-मुंबईहून कंपनीने पाठवलेला. याच्याकडे लॅपटॉप असतो, मुक्तछंद असतो आणि ‘न-ण’ची उत्तम जाण असते. आल्या आल्या तो मुलकी कवीचे ‘पानी’ सुधारतो. मुलकी कवी त्याला विचारतो, ‘तुम्ही इथं किती वर्षं आहात?’ उत्तर ‘दीड’ असे आले की तो बाकीच्यांकडे पाहून हसतो आणि पंधरा वर्षांच्या नियमाची आठवण ताजी होते. मग गैरमुलकी मंडळी वेगळा गट काढतात. त्या गटाचे नाव इंग्रजीत असते, बैठका कॉफीच्या दुकानात होतात, आणि सहा महिन्यांत त्यातल्या अर्ध्यांची बंगळुरूला बदली होते. उरलेले निमूटपणे सुशीला खायला परत येतात.

दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र एकमत आहे. दुसऱ्याचे ऐकायचे नाही.

याचे नवल अशासाठी की ज्या शहरात हे चालते ते शहर ऐकणाऱ्यांचे आहे. इथला मुशायरा बघा. शायराने पहिला मिसरा टाकला की समोरचा म्हातारा तो उचलतो, परत म्हणायला लावतो, मान हलवतो, आणि दुसऱ्या मिसऱ्याची वाट बघताना शायराहून जास्त अस्वस्थ असतो. विनोद ऐकायलाही इथे माणसे जमतात. ‘शगूफा’ हे नुसत्या विनोदाला वाहिलेले उर्दू मासिक या शहरातून १९६८ साली निघाले. तेलुगू लोकांकडे अवधान आहे. अष्टावधानात एक अवधानी आणि त्याला आठ बाजूंनी अडवणारे आठ पृच्छक. कोणी समस्या देतो, कोणी अक्षर वर्ज्य करतो, आणि त्यांतल्या एकाचे अधिकृत काम असते मध्येच अवांतर बोलून अवधान्याचे लक्ष उडवायचे. त्याला अप्रस्तुतप्रसंगी म्हणतात. त्या एका माणसाची नेमणूक होते, त्याला मान मिळतो, आणि तोही अवधान्याचा शब्द न् शब्द ऐकूनच फिरकी घेतो. आमच्या बैठकीत हे काम सगळेच बिनपगारी करतात आणि न ऐकता करतात. ‘फार सुंदर,’ असे म्हणून जो बोलायला उठतो तो पुढच्या वाक्यात स्वतःच्या सातारच्या मामांवर गेलेला असतो.

आणि नरसिंह राव. हैदराबादेतले एकही मराठी भाषण त्यांच्या उल्लेखाशिवाय पुरे होत नाही. पंतप्रधान मराठी जाणत होते, हे सांगून वक्ता अशा थाटात पाणी पितो की त्यानेच शिकवली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली, हे खरेच आहे. पण त्यामागे काय घडले असेल ते कोणी बोलत नाही. एका माणसाने दुसऱ्याने लिहिलेले पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले असणार, तेही स्वतःची कविता मध्ये न आणता. आमच्या गटात हा प्रसंग पौराणिक वाटेल. कादंबरीचे नाव तेवढे आमच्या पाठ आहे. प्रत्येक कवी जिना उतरताना तेच म्हणतो.

सत्काराबद्दल लिहिले नाही तर सदर अपुरे राहील. गटात एकमेकांचे सत्कार करायची पद्धत आहे आणि शाल गटाच्या मालकीची आहे. ती दर महिन्याला एकाच्या खांद्यावर जाते आणि फोटो निघाला की चिटणिसांच्या पिशवीत परत येते. काठाला हळदीचा डाग आहे, म्हणून फेसबुकवर ती कुठेही ओळखू येते. नारळ मात्र यजमानांकडे राहतो आणि पुढच्या महिन्याच्या चटणीत भेटतो. अलीकडे मानपत्रे व्हॉट्सअॅपवर येऊ लागली. त्यांवर ‘आंतरराष्ट्रीय’ असे असते. एका सभासदाची मुलगी न्यू जर्सीहून झूमवर दोन मिनिटे दिसली होती, तेवढ्यावर हा दर्जा मिळाला. ती खरे तर आईला गोळ्या घेतल्या का, एवढे विचारत होती.

मग संग्रह. तीनशे प्रती, स्वखर्चाने, मुखपृष्ठावर मावळता सूर्य. दोनशे भेट, साठ पलंगाखाली, बाकीच्यांचा हिशेब लागत नाही. प्रस्तावना अशा ज्येष्ठांची, ज्यांनी कविता वाचल्याचा पुरावा प्रस्तावनेत कुठेही सापडत नाही. रविवारी आबिडच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथल्या एका विक्रेत्याकडे मी अशा संग्रहाची चौकशी केली. तो म्हणाला, ‘मराठी शायरी नक्को साब, इसमें सबके पास अपनीच है.’ एवढी नेमकी समीक्षा आमच्या गटात पुष्कळ दिवसांत झालेली नाही.

तरुण मुले आमच्याकडे येत नाहीत अशी ज्येष्ठांची तक्रार असते. ती बंजारा हिल्सला ‘लामकान’मध्ये बसलेली असतात. तिथे अंगणात चहा स्वस्त आहे, माईकपुढे कोणी तेलुगूत, कोणी दखनीत, कोणी मोडक्या मराठीत काही वाचतो आणि बाकीचे गप्प बसून ऐकतात. तीसुद्धा मोबाइलवर शूटिंग करत ऐकतात, हे कबूल. पण मोबाइल धरलेला हात तरी समोरच्याकडे असतो.

तेव्हा आमच्या कार्यकारिणीपुढे मी लेखी प्रस्ताव ठेवला आहे. नवे कवी घेणे एक वर्ष बंद करावे. त्याऐवजी श्रोते भरावेत. मुलकीची अट नको, वयाची नको, शुद्धलेखनाची तर नकोच. भाड्याची रिक्षा गट देईल. प्रत्येक बैठकीत एका श्रोत्याचा सत्कार व्हावा आणि त्याला शाल परत मागू नये. वाचणाऱ्या कवीने मागच्या बैठकीतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी कवितेतली एक ओळ आधी सांगावी, मगच स्वतःची वही उघडावी. हा शेवटचा मुद्दा वाचून तिघांनी राजीनाम्याची धमकी दिली. चौथ्याने त्याच विषयावर कविता करून पाठवली.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी अजून कविता लिहिलेली नसेल तर कृपा करून पुढच्या बैठकीला या. हैदराबादेत कुठेही राहत असाल तर गट फार लांब नसेल. रविवारी संध्याकाळी ज्या दाराबाहेर चपला जास्त आणि आवाज एकाचाच असेल तिथे वर चढा. येताना काही आणू नका. भजी आमच्याकडची. फक्त दहाव्या कवीपर्यंत बसा.