आधी नळ दाखवा

परवा विमानाला उशीर झाला म्हणून एका विमानतळावरच्या ‘सर्वधर्मीय प्रार्थनाकक्षा’त पाऊण तास बसलो. पांढऱ्या भिंती, राखाडी गालिचा, एसी. बाकी काही नाही. दारात एक तरुण ओल्या पायांनी उभा होता. वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची, सोय नाही म्हणून त्याने शेजारच्या स्वच्छतागृहात पाय बेसिनमध्ये ठेवून धुतले आणि सफाईवाल्या मावशींची बोलणी खाल्ली. मावशींचं तरी काय चुकलं? सांडलेलं पाणी त्यांनाच पुसायचं होतं. आत एक आजी जपमाळ ओढत बसल्या होत्या. चपला काढायच्या कुठे, हे न कळल्यामुळे त्यांनी त्या पिशवीत घालून मांडीशी घेतल्या होत्या. काबा कुठल्या बाजूला, हे मोबाईलवर शोधून तो तरुण नमाजाला उभा राहिला, तो नेमका आजींच्या समोर. दोघंही अवघडली.

ही खोली आखणाऱ्याला वाटलं असेल, कुठलंच चिन्ह लावलं नाही म्हणजे सगळ्यांचा मान राखला. मला तो आळस वाटतो. देवाचं नाव घ्यायला माणूस येतो तो पायांनी चालत येतो. त्याला पाणी लागतं, दिशा लागते, चपला काढायला कोपरा लागतो.

अबुधाबीत 2023 साली ‘अब्राहमिक फॅमिली हाऊस’ खुलं झालं. वास्तुविशारद डेव्हिड अजाये. एकाच चौथऱ्यावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग. तिन्ही घनाकार, लांबी-रुंदी-उंची 30-30 मीटर, कुणी मोठं नाही, कुणी धाकटं नाही. पण मशिदीचं तोंड मक्केकडे, चर्चची वेदी पूर्वेला, सिनेगॉग जेरुसलेमच्या दिशेने. मशिदीत वजूची जागा, चर्चला बाप्तिस्म्याची, सिनेगॉगला मिकवे, म्हणजे त्यांच्या शुद्धिस्नानाचा हौद. मापं सारखी, पाणी ज्याचं त्याचं, बाग सगळ्यांची. बर्लिनच्या ‘हाऊस ऑफ वन’चा 2012 साली स्पर्धेत निवडलेला आराखडाही असाच आहे: तीन धर्मांच्या तीन स्वतंत्र खोल्या आणि मधे सगळ्यांचं एक दालन.

तेवढा पैसा आपल्याकडे नाही, असं कुणी म्हणेल. मग शिर्डीला जा. द्वारकामाई ही मूळची पडकी मशीद. पश्चिमेच्या भिंतीत निंबर आहे, नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. त्याच छपराखाली साईबाबांची धुनी, गव्हाचं जातं, अंगणात तुळशी वृंदावन. धुनीला जागा हवी म्हणून निंबर कुणी बुजवला नाही, निंबर आहे म्हणून कुणी तुळस उपटली नाही. बाबांच्या हयातीत रामनवमीला निशाणांची मिरवणूक आणि संदल, म्हणजे मुस्लिमांची चंदनाची मिरवणूक, एकाच दिवशी निघायचे. बाबांनी 1918 साली देह ठेवला, धुनी अजून पेटती आहे. त्या जागेचा नकाशा कुणी वास्तुविशारदाने काढला नव्हता. येणाऱ्याला काय लागतं, हे तिथे राहणाऱ्याला ठाऊक होतं.

रिकामी खोलीही सुंदर होऊ शकते, हे मला मान्य आहे. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात ईरो सारिनेनने 1955 साली बांधलेलं विटांचं गोल प्रार्थनागृह तसंच आहे. पण तिथे वरून वेदीवर पडणारा उजेड आणि भोवतीच्या पाण्यावरून भिंतीवर हलणारं प्रतिबिंब यांवर त्याने जीव ओतला होता. गालिचा अंथरून पाटी लावणं हे काम वेगळं.

आता आपल्याकडेही रुग्णालयांत, विद्यापीठांत, विमानतळांवर असे कक्ष होतील, व्हायलाच हवेत. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या बाईला देव आठवतो तेव्हा तिला घरी जाता येत नाही. म्हणून नकाशे मंजूर करणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: सही करण्याआधी पाय धुवायचा नळ, चपलांचा कप्पा आणि भिंतीवर दिशा दाखवणारी खूण, या तीन गोष्टी नकाशात बोट ठेवून दाखवायला सांगा. दाखवता आल्या नाहीत, तर नकाशा परत पाठवा.