स्टुडिओची किल्ली कोणाकडे?

मीडियाचा कोर्स चालवणाऱ्या अनेक कॉलेजांच्या माहितीपत्रकात स्टुडिओचा देखणा फोटो असतो. प्रवेश घेतल्यावर कळतं की स्टुडिओला कुलूप आहे आणि किल्ली विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये. प्रॅक्टिकलला उघडतो, नॅकची समिती आली की उघडतो. एरवी ‘पोरं मशीन खराब करतात’.

करू द्या की खराब! बुलेटिन सुरू असताना बाईट चालत नाही, रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, ऐनवेळी बदलतो, कंट्रोल रूममधून अँकरच्या कानात तिघं एकदम बोलतात. हे सगळं पहिल्यांदा नोकरीत अनुभवायचं असेल, तर तीन वर्षं फी कशाची भरली?

विद्यार्थ्यांच्या हाती किल्ली देणं काही नवं नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत तारा ओढून स्वतःचं रेडिओ केंद्र चालवलं. त्यातूनच १९४० मध्ये कॉलेज केंद्रांची संघटना उभी राहिली. १९४३ मध्ये मिसुरीच्या स्टीफन्स कॉलेजात, म्हणजे मुलींच्या कॉलेजात, ‘अल्फा एप्सिलॉन ऱ्हो’ स्थापन झाली. प्रसारणात करिअर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची ही सोसायटी पुढे देशभर पसरली. कॉलेजागणिक शाखा, वार्षिक अधिवेशन, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांची स्पर्धा आणि या धंद्यात मुरलेल्या माणसांशी गाठभेट.

या शेवटच्या गोष्टीसाठीच मी हे लिहितोय. आपल्याकडे चॅनेलमधली इंटर्नशिप बऱ्याचदा ओळखीवर मिळते. ज्याचा मामा मुंबईत संपादक आहे, त्याला सोसायटी नसली तरी चालतं. परभणीहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणाऱ्या मुलीला कोण ओळखतं? तिला हवी असते कॅमेरा कसा धरायचा ते दाखवणारी सीनियर, तिचं पॅकेज बघून ‘व्हॉइसओव्हर लांबलाय, काप’ असं तोंडावर सांगणारा माजी विद्यार्थी, आणि कुठे जागा निघाली की येणारा फोन. विद्यार्थ्यांची सोसायटी म्हणजे ज्यांना ओळख नाही त्यांची ओळख. फ्रेशर्स पार्टी आणि पाहुण्यांचा सत्कार यांत ती संपवणाऱ्या कॉलेजांना हे कळायला हवं.

कॉलेजांच्या रेडिओबाबत सरकारनेही हात आखडताच ठेवलाय. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात कॅम्पस रेडिओ सुरू झाला, मग पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आली. पण अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं ऐकवा, एवढीच मुभा. म्हणजे ज्यांना वार्ताहर व्हायचंय, त्यांनी आपल्याच केंद्रावर बातमी सोडून बाकी सगळं करायचं! विद्यापीठाच्या गेटबाहेरच्या पाणीटंचाईची बातमी पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने दिली, तर देशाचं काय बिघडणार आहे? हा नियम गेलाच पाहिजे.

तो जाईल तेव्हा जाईल. सोसायटीला मात्र मंत्रालयाचा परवाना लागत नाही, टॉवर लागत नाही. विद्यार्थ्यांनी निवडलेला स्टेशन मॅनेजर, दर आठवड्याला ठरल्या वेळी जाणारं बुलेटिन, माजी विद्यार्थ्यांची फोन नंबरांसकट यादी आणि ड्रॉवरमधली ती किल्ली. प्राचार्यांनी मनावर घेतलं तर येत्या सोमवारी सुरू होईल.