पिल्लाची दुपार आणि नायट्रोची रांग

अहो, ऐकलंत का? या ना अशा इकडे, कडुनिंबाखाली. राहू द्या ते कपडे, नागपूरच्या उन्हात ते आपोआप वाळतात. समोरचे आले ना परत, इमॅजिकाहून! रात्री उशिरा गाड्या आल्या. मी काही मुद्दाम बघत नव्हते हो, लाइट गेली होती म्हणून खिडकीत उभी होते. सगळे उतरले, बॅगा काढल्या, पण कुणी कुणाशी एक शब्द बोलेल तर शपथ. पिल्लू तेवढं आईच्या खांद्यावर ढाराढूर. आणि सगळं रामायण त्याच्याच झोपेवरून, बरं का.

तर झालं असं, आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटी उघडतात. बाकीच्यांच्या जूनच्या मध्यालाच. तेव्हा नणंदबाईनं डोकं चालवलं की मुंबई-पुण्याची पोरं एकदा वर्गात बसली की मग आपण निघू, रांगा नसतील. डोकं आहे हो तिला, ते मानावंच लागेल. मग ती, तिची दोन दांडगी पोट्टी, सासू-सासरे, मुलगा, सूनबाई आणि पावणेदोन वर्षांचं पिल्लू. दोन गाड्या.

सूनबाईनं मोबाइलवर टाइमटेबल केलेलं. दुपारी एक ते अडीच, हिरव्या रंगात, ‘पिल्लू झोप’. निघायच्या आदल्या दिवशी इथेच उभी राहून मला दाखवलं तिनं. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या. ‘आम्ही पण पोरं वाढवली, पण झोपेचा तक्ता नाही केला कधी!’ सूनबाई नुसती हसली. त्या हसण्यावरूनच मी ओळखलं, या ट्रिपमध्ये काहीतरी होणार.

आता खरं सांगू का, सूनबाईचं चूक नव्हतं. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, दुपारची धरून. आणि दीड वर्षानंतर बहुतेक पोरांची सकाळची झोप सुटते, दुपारची एकच उरते. ती एक चुकली की संपलं. वेळ टळली की पोर पेंगत नाही हो, उलट चेकाळतं. अंगात कुठून जोर येतो कोण जाणे. आपली पोरं नाही का लग्नाकार्यात रात्री अकराला मांडवभर पळायची?

तर काय सांगत होते... हां, समृद्धी महामार्ग. शिवमडक्याहून चढले आणि पिल्लू झोपलं. रस्ता कसा गुळगुळीत, ना खड्डा ना गतिरोधक. वर्धा गेलं, कारंजा गेलं, मेहकर गेलं, तरी पिल्लू म्हणे झोपलेलंच. कार सीटमध्ये हो, मांडीवर नाही. त्यावरूनही आधी एक चकमक झाली होती. ‘माझ्या मांडीवर काय झोपत नाही का?’ असं सासूबाई म्हणाल्या, आणि ‘आई, 120 च्या स्पीडला मांडीचा उपयोग नाही,’ असं सूनबाई. तिथे मात्र मुलानं बायकोची बाजू घेतली. एकदाच घेतली, पण घेतली.

शिर्डीला मुक्काम. दिवसभर झोपलेलं पोर रात्री काय झोपणार? त्यातून हॉटेलच्या खोलीत एसी. आवाज नाही, काही नाही. आणि आपल्या पोरांना सवय कशाची? कूलरची! घर्र घर्र आवाज, वाळ्याच्या ताट्यांचा वास, मधूनच पाण्याचा शिंतोडा. त्या गुपचूप खोलीत पिल्लू टुकटुक डोळे उघडे ठेवून बसलेलं. शेवटी सासऱ्यांनी शेजाऱ्यांना, म्हणजे आमच्या ह्यांना हो, रात्री साडेबाराला फोन केला. ‘भाऊ, तुमचा कूलर सुरू आहे का? जरा मोबाइल धरा अन् आवाज रेकॉर्ड करून पाठवा.’ हे उठले, कूलरसमोर बनियनवर उभे राहिले, पाच मिनिटं. मी म्हटलं, काय करून राहिले तुम्ही? म्हणे, ‘पोराची अंगाई.’ आणि झोपलं वो माय ते! आपल्या कूलरवर झोपलं!

दुसऱ्या दिवशी पुढचा रस्ता. त्यात इगतपुरीचा तो नवा बोगदा, जवळजवळ आठ किलोमीटरचा. पिल्लू जागं झालं ते नेमकं त्यात. अंधार, पिवळे दिवे, आणि ह्याचं भोकाड. बाहेर येईपर्यंत नणंदेची पोट्टी कानात बोटं घालून बसली होती म्हणे.

खरी मजा इमॅजिका पार्कात. खोपोलीचं हो, 2013 मध्ये उघडलं ते. आता गाय छापवाल्या मालपाण्यांनी घेतलंय, शिर्डीचं वॉटरपार्क पण त्यांचंच. सकाळ छान गेली. टबी हत्तीच्या पाळण्यात पिल्लू बसलं, गोल गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसलं, सूनबाईनं फोटो टाकले, आपण लाइक केले. सासरे राजासौरसच्या होडीत भिजून आले आणि तिथेच नातवांचा वर्ग घेतला. ‘अरे, डायनासोर बघायला खोपोलीला कशाला यावं लागतं? आपल्या वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला सापडली आहेत हाडं.’ आणि हाडांशिवाय आणखी काय दगड होऊन सापडलंय, तेही सांगितलं. जेवणाच्या टेबलावर! नणंदेचा चेहरा बघायला हवा होता म्हणे. पुलाव तसाच राहिला.

आणि वाजला एक.

सूनबाई म्हणाली, आता झोपेची वेळ. मुलगा म्हणाला, ‘हो हो, फक्त नायट्रोत एकदा बसून येतो. पंधरा मिनिटं.’ अहो, नायट्रो म्हणजे तो पाय लोंबकळत ठेवून उलटंपालटं करणारा रोलर कोस्टर. भाचे मामाच्या दोन्ही हातांना लोंबकळलेले. नणंद म्हणाली, ‘जाऊ दे गं त्याला, वर्षभर काम करतो बिचारा.’ सूनबाई काय वर्षभर दिवाळीचे फटाके वाजवत होती का? ती बँकेत जाते, नणंद घरी असते, पण बिचारा तो! मी काही बोलत नाही, माझं काय जातं.

पंधरा मिनिटांचा झाला सव्वा तास. पिल्लानं आधी डोळे चोळले, मग कान ओढले, मग चप्पल फेकली. सूनबाई एकटी स्ट्रोलर ढकलून राहिली. इकडे गाणं, तिकडे ढोल, पलीकडे मोठ्ठ्या आवाजात भुताचं हसणं. कुठे झोपवणार?

मग सासूबाईंनी पिशवीतून काय काढावं? जुनं सुती नऊवारी! झोळी! म्हणे, ‘हे दोन खांब बरोबर आहेत.’ आणि गाठ मारायला लागल्या की हो, भर रस्त्यात. एका खांबाची झाली, दुसऱ्याची बांधता बांधता सिक्युरिटीवाला आला. चांगला होता पोरगा, आजी म्हणाला, पण नाही म्हणाला. सासूबाईंचा चेहरा असा पडला... अहो, घरात त्यांना ‘नाही’ म्हणायची कुणाची टाप आहे? आणि इथे मिसरूड फुटलेलं पोर हात जोडून नाही म्हणतंय. लुगड्याची घडी घालताना त्यांचे हात थरथरत होते, असं सूनबाईच सांगत होती. आणि तेव्हा तिनं काय केलं माहीत आहे? ते लुगडं घेतलं आणि स्ट्रोलरवर पांघरलं. तंबूसारखं. आत अंधार, आजीच्या कपाटाचा वास, आणि मोबाइलवर आमचा कूलर. तेवढ्यात पाऊस आला सडकून, कोकणातला जून तो. बाहेरचे पाळणे थांबले, सगळी गर्दी छपराखाली. पिल्लू झोपलं! सव्वातीनला! उशीर झालाच, मग रात्री बारापर्यंत जागं, ते पुढचं. पण झोपलं. सासू-सून दोघी त्या स्ट्रोलरजवळ बसून भजी खात होत्या म्हणे, लोक बघत होते.

आणि मुलगा? भिजून आला, खूश. ‘अरे वा, झोपला पण?’ असं म्हणाला. बस्स, एवढंच. त्या एका वाक्यानंतर जे सुरू झालं ते घरी परत येईपर्यंत मिटलं नाही. नणंद भावाच्या बाजूनं. सासूबाई... तुम्हाला खरं वाटणार नाही, सुनेच्या बाजूनं! म्हणाल्या, ‘ती पण तिकीट काढून आली होती.’ नणंद पुढच्या गाडीत जाऊन बसली ती बोललीच नाही. शिर्डीला परतीचं दर्शनसुद्धा दोन रांगांत घेतलं.

माझी भाची आहे ना फ्लोरिडात, तिला मी सगळं सांगितलं व्हिडिओ कॉलवर. ती म्हणे, मावशी, इथे डिस्नेत ह्याची सोय असते. एकानं लेकरू धरून बाहेर थांबायचं, दुसऱ्यानं बसून यायचं, आणि मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. लहान बाळांसाठी वेगळी खोली, दूध गरम करायला, लंगोट बदलायला. मी म्हटलं, ते सगळं ठीक आहे गं, पण पहिला नंबर कोण लावतो? हसायला लागली. म्हणे, ‘तुझा जावई.’

तर आज सकाळी सूनबाई दही मागायला आली होती, तेव्हा कळलं, दिवाळीत हैदराबाद! रामोजी. वंदे भारतनं सिकंदराबादपर्यंत, म्हणजे गाडीतली दिवसभराची झोप टळली. हॉटेल फिल्म सिटीच्या आतच, दुपारी खोलीवर यायचं. नवं टाइमटेबल तयार आहे, दोन रंगांत. मी म्हटलं, दुसरा रंग कशाचा? म्हणे, निळा, पिल्लाच्या बाबांचा. काल रात्री नवऱ्यानं विचारलं म्हणे, ‘दुपारी एक ते अडीच खोलीवर बसणार कोण?’ सासूबाई कांदा चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘निळा कोण आहे, वाच.’ आणि मग त्याचं जे तोंड झालं ना... नायट्रोवर उलटं लटकतानाही तसं झालं नसेल!